वार्धक्याचा नियम आणि त्याला न जुमानणारे जीव

वय आणि मृत्यू यांचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते विम्याच्या व्यवसायातल्या माणसानं. लंडनच्या बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवलं, की प्रौढपणी मृत्यूचा धोका ठरावीक वर्षांनी पटीत वाढत जातो. आजच्या हिशेबानं माणसात तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो.

पण का? जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी १८८० च्या दशकात उत्तर दिलं: झिजलेले जीव नव्यांना जागा करून देतात. पटायला सोपं, पण लंगडं. रानात म्हातारं व्हायला उरतो कोण? शिकारी, भूक आणि रोगराई बहुतेकांना आधीच गाठतात. पीटर मेदावार यांनी १९५१ च्या लंडनमधल्या व्याख्यानात नेमकं हेच धरलं. उतारवयात जे उरतातच थोडे, त्यांच्यातले दोष नैसर्गिक निवडीच्या चाळणीतून सहज निसटतात. त्याआधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी हंटिंग्टन या उशिरा उमटणाऱ्या आजाराबद्दल असंच म्हटलं होतं. (हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले.) १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी भर घातली: तरुणपणी उपयोगी पडणारं जनुकच म्हातारपणी नडू शकतं.

मग जिथे शिकारी कमी, तिथे म्हातारपण उशिरा यायला हवं. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ, सॅपेलो बेटावर तपासलं. ओपॉसम हा पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा प्राणी तिथे हजारो वर्षं मुख्य भूमीपासून तुटलेला, मोठ्या शिकाऱ्यांपासून सुरक्षित. ऑस्टॅड यांनी शेपटीतल्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे, तंतू तपासले. वयाबरोबर ते ताठर होतात, पण बेटावरच्या माद्यांमध्ये हा बदल सावकाश होत होता. त्यांना एका वेळी पिल्लं कमी होत, पण दुसऱ्या वर्षीही त्या ती नीट वाढवत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत देखणं वाटतं.

तरी कोडं सुटलं नाही. विल्यम हॅमिल्टन यांच्या १९६६ च्या गणितानुसार वार्धक्य कुणालाच चुकणार नव्हतं. २०१४ मध्ये ओवेन जोन्स आणि सहकाऱ्यांनी ४६ प्रजाती शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा आलेख चारी दिशांना पांगले. वाळवंटी कासवाचा मृत्युदर वयाबरोबर घटतो. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवाचा तर प्रयोगशाळेत बदलतच नाही. त्या दरानं १,४०० वर्षांनीही शंभरातले पाच जिवंत असतील. आपल्या सह्याद्रीतली कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते.

कासवाच्या बाबतीत एक धागा हाती लागतो: ते वयाबरोबर आकारानं वाढत जातं आणि आकारानं मोठ्या मादीला अंडी जास्त होतात, म्हणून तिथे उतारवयातलं जगणंही निवडीच्या नजरेआड जात नाही.