डेंग्यूमधील प्रतिपिंडजन्य संसर्गवृद्धी

एका प्रकारचा डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला पुढे दुसऱ्या प्रकारच्या डेंग्यू विषाणूची लागण झाली, तर पहिल्या खेपेस तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज, म्हणजे जंतूंना धरणारी रक्तातील प्रथिने) त्या विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला वाट करून देऊ शकतात. त्यामुळे दुसरा आजार पहिल्यापेक्षा जड जाण्याचा धोका असतो. या घटनेला प्रतिपिंडजन्य संसर्गवृद्धी म्हणतात. वैद्यकीय बोलण्यात ‘एडीई’ हे लघुरूप रूढ आहे. गोवर-कांजिण्या एकदा येऊन गेल्या की माणूस सुटला, या अनुभवातून आपला जो समज पक्का झाला आहे, तो डेंग्यूला लावता येत नाही.

डेंग्यू विषाणूचे चार प्रकार आहेत आणि ते डेन-१ ते डेन-४ असे ओळखले जातात. एडिस डासाची मादी ते पसरवते. ज्या प्रकाराचा संसर्ग होतो त्याच्यापासून दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, संरक्षण मिळते. उरलेल्या तीन प्रकारांपासून मिळणारे संरक्षण मात्र काही महिन्यांत ओसरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विषाणुशास्त्रज्ञ अल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत हे प्रथम स्पष्ट दिसले.

प्रतिपिंडाचा रेणू साधारण ‘वाय’ अक्षरासारखा असतो. त्याच्या दोन फांद्या विषाणूला धरतात आणि देठ मोकळा राहतो. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींवर हा देठ पकडणारी ग्राहके असतात. प्रतिपिंडाने धरून आणलेला जंतू गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचे रोजचे काम. डेंग्यूचा विषाणू नेमका याच पेशींत वाढतो. डेंग्यूच्या कणावर आवरण-प्रथिनाच्या १८० प्रती असतात आणि प्रतिपिंडे त्यांवर बसतात. प्रतिपिंडे पुरेशी असतील आणि घट्ट बसली असतील तर कण निष्प्रभ होतो. ती थोडी असतील, किंवा पहिल्या प्रकारावर बेतलेली असल्याने सैल बसली असतील, तर कण जिवंतच राहतो आणि देठाच्या आधाराने थेट भक्षक पेशीच्या आत पोचतो. जास्त पेशी बाधित झाल्या की रक्तातील विषाणूंची संख्या वाढते. अशा मार्गाने आत गेलेला विषाणू पेशीचे इंटरफेरॉनसारखे धोक्याचे इशारेही दाबतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

अशा रुग्णात खरा धोका बहुधा ताप उतरताना येतो, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातील द्रव पोटात आणि छातीत साठतो, रक्त घट्ट होते, नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात. घरच्यांना वाटते, ताप गेला, आता बरे वाटेल. नातेवाइकांचे सगळे लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असते. डॉक्टर मात्र त्याच अहवालातील हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहत असतात, कारण तो चढू लागणे ही द्रव गळत असल्याची खूण असते.

प्रतिपिंडांमुळे विषाणू वाढू शकतो हे ऑस्ट्रेलियात रॉयल हॉक्स यांनी १९६४ मध्ये डेंग्यूच्या भाऊबंद विषाणूंवर काम करताना नोंदवले. डेंग्यूशी त्याची सांगड घातली ती अमेरिकी संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांनी. १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये रक्तस्रावी, म्हणजे गंभीर स्वरूपाच्या, डेंग्यूने आजारी पडणाऱ्या मुलांचे दोन गट त्यांना दिसले. एका गटातील मुलांना हा दुसरा संसर्ग होता. दुसऱ्या गटात एक वर्षाच्या आतली तान्ही बाळे होती आणि त्यांचा हा पहिलाच संसर्ग होता. मग ती इतकी आजारी का? त्यांच्या आयांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता आणि वारेतून आईची प्रतिपिंडे बाळाला मिळाली होती. जन्मानंतरचे काही महिने त्यांनी बाळाला राखले. पुढे ती विरळ होत गेली आणि त्याच सुमारास धोका वाढला. आईच्या रक्तात प्रतिपिंडे जितकी जास्त, तितके बाळ उशिरा आजारी पडते, हेही १९८८ मध्ये दाखवले गेले. या विषयातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा हाच, कारण या बाळांच्या शरीरात पहिल्या संसर्गाची दुसरी कोणतीही खूण नव्हती, होती ती फक्त उसनी प्रतिपिंडे.

क्युबाने तर अख्ख्या देशाच्या पातळीवर हे दाखवले. तेथे १९७७ मध्ये डेन-१ ची साथ आली. ती सौम्य होती, पण सुमारे ४४ टक्के लोकांना लागण झाली. १९८१ मध्ये डेन-२ आला. रुग्ण ३,४४,२०३, त्यांपैकी १०,३१२ गंभीर, मृत्यू १५८, आणि मृतांत १०१ मुले. पुढे डासनिर्मूलनामुळे देश बरीच वर्षे डेंग्यूमुक्त राहिला. १९९७ मध्ये सांतियागो दे कुबा शहरात पुन्हा डेन-२ शिरला. मारिया ग्वादालुपे गुझमान आणि गुस्तावो कौरी यांच्या गटाने रुग्णांची वये पाहिली, तेव्हा गंभीर रुग्ण सगळे प्रौढ निघाले. १९८१ नंतर जन्मलेली, म्हणजे आधी डेंग्यूशी गाठच न पडलेली मुले जवळजवळ सुखरूप होती. वीस वर्षांपूर्वीचा सौम्य ताप धोक्याचा ठरला होता, आणि १९८१ च्या तुलनेत त्याच वयाच्या प्रौढांतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते.

‘थोडी प्रतिपिंडे’ म्हणजे किती, याचा अंदाज निकाराग्वातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २०१७ मध्ये मिळाला. प्रतिपिंडांची पातळी १:२१ ते १:८० या पट्ट्यात असताना (म्हणजे रक्तद्रव इतके पट विरळ करेपर्यंतच ती सापडत असताना) गंभीर डेंग्यूचा धोका सुमारे साडेसात पट होता. त्याहून बरीच जास्त पातळी असलेल्या मुलांना मात्र संरक्षण मिळत होते.

तरीही एडीईने सगळेच उलगडत नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक लोक साधेपणी बरे होतात. पेरूतील इक्विटोस शहरात डेन-१ नंतर डेन-२ ची साथ येऊनही गंभीर रुग्ण आढळले नाहीत, कारण तेथील डेन-२ चा वाण वेगळा होता. विषाणूचे एनएस-१ प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला थेट इजा करते, टी-पेशी या संरक्षक पेशींचा प्रतिसादही भरकटू शकतो. कोणत्या रुग्णात कशाचा वाटा किती, हा वाद चालू आहे.

लसीच्या बाबतीत मात्र हा वाद पुस्तकी राहिला नाही. ‘डेंग्वाक्सिया’ ही सनोफी कंपनीची लस फिलिपिन्सने एप्रिल २०१६ पासून शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात केली आणि आठ लाखांहून अधिक मुलांना ती मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात लसीमुळे पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो. अशा मुलांसाठी लसच पहिल्या संसर्गासारखी ठरत होती. मोहीम थांबली. लसी महत्त्वाच्या आहेत असे ठामपणे मानणाऱ्या पालकांचे प्रमाण तेथील सर्वेक्षणात २०१५ मधील ९३ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आले. हॉलस्टेड यांनी या धोक्याचा इशारा आधीच दिला होता आणि तो ऐकला जायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही लस देण्यापूर्वी रक्त तपासण्याची शिफारस केली.

भारतात चारही प्रकार फिरतात. २०१७-१८ च्या देशव्यापी रक्तसर्वेक्षणात ५ ते ४५ वयोगटातील ४८.७ टक्के लोकांत डेंग्यूची प्रतिपिंडे सापडली. दक्षिणेत हे प्रमाण सुमारे ७७ टक्के, तर ईशान्येत जेमतेम ५ टक्के होते. म्हणजे एकाच देशात कोणाची ही पहिली खेप असते, कोणाची दुसरी. बहुतेकांना ते ठाऊकही नसते, कारण पहिला डेंग्यू पुष्कळदा ‘अंगावर काढलेला ताप’ असतो.

म्हणून लस चारही प्रकारांवर सारखी पुरी पडायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत घडवलेल्या वाणांवर आधारित ‘डेंगीऑल’ या एकाच मात्रेच्या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली. तिच्यासाठी १० हजारांहून अधिक प्रौढ स्वयंसेवक ठरवले होते आणि लस दिल्यानंतर त्यांच्यावर दोन वर्षे लक्ष ठेवण्याची योजना होती.