यकृत प्रत्यारोपणानंतरचा कर्करोग आणि रक्तातल्या खुणा

यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला काही वर्षांनी कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा नातेवाइकांच्या तोंडी पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की तो दात्याच्या यकृतातूनच आला असेल का? प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असते. अवयवाबरोबर दात्याचा कर्करोग येणे शक्य आहे, पण ते अत्यंत विरळ. प्रत्यारोपणानंतर उद्भवणारे बहुतांश कर्करोग रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींतून निर्माण होतात आणि पुष्कळदा नव्या यकृतापासून दूर, त्वचेत, लसीकाग्रंथींत, तोंडात किंवा घशात सापडतात. त्यांचे मूळ शोधायचे तर यकृताकडे पाहण्यापेक्षा, ते यकृत टिकावे म्हणून रोज घ्याव्या लागणाऱ्या, प्रतिकारसंस्था दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांकडे पाहावे लागते.

अमेरिकेत १९८७ ते २००८ या काळात झालेल्या सुमारे पावणेदोन लाख अवयव प्रत्यारोपणांचा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या रुग्णांमध्ये कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या दुपटीहून थोडे अधिक असल्याचे दिसले. ही वाढ सगळ्या कर्करोगांत सारखी नसते. त्वचेच्या वरच्या थरातल्या स्क्वेमस पेशींचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो, लिम्फोमा म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग वाढतो, एका विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या पेशींत होणारा कापोसी सार्कोमा वाढतो. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग मात्र वाढत नाही. ही निवड निव्वळ योगायोगाची नाही, हे २००७ साली झालेल्या एका तुलनेने फार सुरेख रीतीने दाखवले. तिच्यात एकीकडे एचआयव्हीबाधित लोक होते आणि दुसरीकडे प्रत्यारोपण झालेले रुग्ण. या दोन गटांची वये, सवयी आणि जगण्याच्या तऱ्हा यांत फारसे साम्य नाही. समान आहे ती फक्त दुबळी झालेली प्रतिकारसंस्था. तरीही तपासलेल्या २८ प्रकारच्या कर्करोगांपैकी २० प्रकार दोन्ही गटांत वाढलेले आढळले आणि त्यांतले बरेच विषाणूंशी निगडित होते.

दोन गोष्टी येथे बाजूला ठेवू. ज्यांचे यकृत मद्यामुळे निकामी झाले, त्यांच्यात तोंडाचे आणि घशाचे कर्करोग वाढतात. त्यात मद्य आणि तंबाखू यांचा जुना वाटा मोठा असतो. तसेच यकृताच्या कर्करोगासाठीच प्रत्यारोपण झाले असेल, तर तो उलटण्याचा धोका हा वेगळा विषय आहे. त्यासाठी १९९६ साली मिलानमध्ये ठरलेले निकष, म्हणजे ५ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ किंवा प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, आजही रुग्णनिवडीचा पाया मानले जातात.

आता गोळी पेशीत शिरून नेमके काय करते ते पाहू. या विषयातला हा मला सर्वांत प्रिय भाग आहे, त्यामुळे येथे थोडा वेळ जाईल. टी पेशी म्हणजे परके ओळखून त्यावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. परक्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेला प्रथिनाचा तुकडा टी पेशीच्या ग्राहकात, म्हणजे तो ओळखणाऱ्या तिच्या अंगावरच्या प्रथिनात, नीट बसला, की टी पेशीतल्या आतल्या साठ्यांमधून कॅल्शियम सुटते. ते साठे रिकामे होऊ लागले, की बाहेरच्या आवरणातली दारे उघडतात आणि आणखी कॅल्शियम आत येते. या कॅल्शियममुळे कॅल्सिन्युरिन नावाचे विकर (एन्झाइम) जागे होते. त्याचे काम एकच, काही प्रथिनांवर चिकटलेले फॉस्फेटचे गट छाटून टाकणे. एनएफएटी नावाचे प्रथिन अशा फॉस्फेटांनी लगडलेल्या अवस्थेत केंद्रकाबाहेर पडून असते, कारण केंद्रकात प्रवेश मिळवून देणारा त्याचा भाग फॉस्फेटांमुळे झाकलेला असतो. फॉस्फेट निघाले की तो भाग उघडा पडतो, एनएफएटी केंद्रकात शिरते आणि इतर काही प्रथिनांच्या साथीने इंटरल्युकिन-२ या निरोप्या प्रथिनाचे जनुक चालू करते. इंटरल्युकिन-२ मिळाले की टी पेशी भराभर विभागू लागतात, आणि मग त्या एका पेशीची फौज होते.

टॅक्रोलिमस हे आज यकृत प्रत्यारोपणात सर्वाधिक वापरले जाणारे औषध. जपानमधल्या त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते १९८४ साली मिळाले. गंमत अशी, की एकटे टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिनच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. ते आधी पेशीतल्याच एफकेबीपी-१२ नावाच्या एका लहानशा प्रथिनाला बिलगते आणि त्या दोघांच्या जोडीतून जो नवा पृष्ठभाग तयार होतो, तो कॅल्सिन्युरिनवर अगदी मापात बसून त्याची वाट अडवतो. फॉस्फेट निघत नाहीत, एनएफएटी दाराबाहेरच थांबते, फौज उभी राहत नाही आणि यकृत वाचते. परंतु टी पेशीच्या ग्राहकात बसलेला तुकडा दात्याच्या यकृतपेशीचा आहे, की बहुतेकांच्या शरीरात सुप्त राहणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूने बिघडवलेल्या बी पेशीचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीचा), हे एनएफएटीला समजण्याची सोयच नाही. दोन्ही निरोप एकाच तारेवरून येतात आणि ती तार आपण कापलेली असते.

बिघडलेल्या पेशी अशा वेळी आकाशातून पडत नाहीत. त्या बहुधा आधीपासूनच शरीरात असतात. अमेरिकी प्रतिकारशास्त्रज्ञ रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिकारसंस्था व कर्करोग यांच्या नात्याचे निर्मूलन, समतोल आणि निसटणे असे तीन टप्पे मांडले. त्यांतला मधला टप्पा किती लांबू शकतो, याचे एक अस्वस्थ करणारे उदाहरण स्कॉटलंडमधून २००३ साली नोंदवले गेले. एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना बसवली गेली आणि पुढे दोघांच्याही शरीरात मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, निघाला. त्या दात्यावर मेलानोमाची शस्त्रक्रिया १६ वर्षांपूर्वी झालेली होती आणि तो बरा झाल्याचे मानले गेले होते. दात्याच्या प्रतिकारसंस्थेने ज्या पेशींना इतकी वर्षे डोके वर काढू दिले नाही, त्यांना औषधांनी दबलेल्या शरीरात मोकळे रान मिळाले. दात्याकडून कर्करोग येण्याची ही विरळ घटना आहे, पण तिने दाखवलेला समतोल आपल्या सर्वांच्या शरीरात असू शकतो.

मग प्रश्न मोजमापाचा येतो. रुग्णालयात टॅक्रोलिमसची मात्रा ठरवताना सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त काढतात आणि औषधाची किमान पातळी पाहतात. ती दर मिलिलिटरला साधारण ५ ते १० नॅनोग्रॅम असावी, काळ उलटेल तशी आणखी कमी चालते. या आकड्यावरून रक्तात औषध किती आहे ते कळते, प्रतिकारसंस्था कितपत दबली आहे ते मात्र कळत नाही. पातळी ७ असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाच्या टी पेशी यकृतावर चालून जाण्याच्या बेतात असू शकतात आणि दुसऱ्याच्या इतक्या निपचित, की विषाणूंनी घर करावे. हे अंतर दाखवील अशी खूण रक्तात सापडते का, याचा शोध चालू आहे.

सर्वांत सरळ खूण म्हणजे पेशींची मोजदाद. रक्ताच्या नमुन्यात वेगवेगळ्या रंगांनी चमकणारी प्रतिपिंडे मिसळतात, ती आपापल्या प्रथिनाला चिकटतात, आणि मग पेशी एका बारीक धारेतून एकामागोमाग एक लेसरसमोरून जातात. प्रत्येक पेशी क्षणभर चमकते आणि तिची नोंद होते. फ्लो सायटोमीटर म्हणतात तो हाच. त्यातून इतरांना चेतवणाऱ्या सीडी४ टी पेशी किती, बाधित पेशी मारणाऱ्या सीडी८ टी पेशी किती, प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचा वाटा किती, हे समजते. पेशीच्या पृष्ठभागावरची सीडी५७ ही खूण विशेष बोलकी आहे. तीच ती टी पेशी वर्षानुवर्षे विभागत राहिली की तिच्या गुणसूत्रांची टोके झिजतात, तिची पुढे विभागण्याची ताकद आटते आणि तिच्या अंगावर सीडी५७ दिसू लागते. ती मरत नाही, जवळची हत्यारेही टाकत नाही, पण नवी कुमक उभी करू शकत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात अशा थकलेल्या सीडी८ पेशींचे प्रमाण जास्त असणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला. मात्र पुष्कळांच्या शरीरात सुप्त राहणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूचा जुना संसर्गही याच पेशी वाढवतो, म्हणून एकट्या या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही.

दुसरी वाट अधिक चतुर आहे. १९९७ साली जपानमध्ये सापडलेला टॉर्क टेनो विषाणू बहुतेक माणसांच्या रक्तात असतो आणि त्याने कोणता आजार होतो असे दिसलेले नाही. प्रतिकारसंस्था दबली की त्याची संख्या वाढते, सावरली की घटते. म्हणजे हा उपद्रव न देणारा भाडेकरूच घराची राखण कशी चालली आहे ते सांगतो. एपस्टाइन-बार विषाणूच्या डीएनएची रक्तातली पातळी याहून थेट उपयोगाची आहे. ज्या लहान मुलांना हा विषाणू पूर्वी कधी झालेला नसतो आणि प्रत्यारोपणानंतर प्रथमच होतो, त्यांच्यात लिम्फोमाचा धोका मोठा असल्याने ती पातळी नियमित तपासतात.

अशा खुणांचे निष्कर्ष वाचताना एक खोच लक्षात ठेवावी. रक्तातला दाहाचा एखादा घटक वाढलेला दिसला आणि सहा महिन्यांनी गाठ सापडली, तर घटकामुळे गाठ झाली, की न दिसणाऱ्या गाठीनेच तो घटक वाढवला, हे त्या एका मोजणीवरून ठरत नाही. त्यासाठी निदानाच्या कितीतरी वर्षे आधी साठवलेले रक्त तपासावे लागते. एका रक्तचाचणीत कर्करोगाचे भविष्य सांगण्याच्या जाहिराती ही पायरी गाळतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ चूर्णांचे आणि गोळ्यांचे तर या रुग्णांपुढे नावही काढू नये. ज्यांची प्रतिकारसंस्था जाणूनबुजून आवरून धरली आहे, त्यांना ती ‘वाढवण्याचा’ सल्ला देणे म्हणजे यकृत नाकारले जाण्याला आमंत्रण. नैसर्गिक म्हणून बिनधोक, हाही असाच भ्रम आहे. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती टॅक्रोलिमसची पातळी खाली आणते आणि ग्रेपफ्रूटचा रस ती वर चढवतो.

खुणा हाती आल्यावर करायचे काय, याचे एक उत्तर जुनेच आहे. यकृत प्रत्यारोपणाचे प्रणेते थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली नोंदवले, की प्रत्यारोपणानंतर झालेल्या काही लिम्फोमांमध्ये प्रतिकारदमन करणारी औषधे कमी केली किंवा थांबवली, तेवढ्याने गाठी विरघळल्या. औषध कमी करण्याची मुभा यकृताच्या बाबतीत इतर अवयवांपेक्षा अधिक मिळते. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉय काल्न यांनी १९६९ सालीच दाखवले होते, की डुकरांमध्ये परके यकृत कित्येकदा औषधांशिवायही टिकते. माणसांमध्ये, काळजीपूर्वक निवडलेल्या ९८ यकृत रुग्णांची औषधे हळूहळू बंद करून पाहिलेल्या युरोपातल्या एका चाचणीत, ज्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले, ४१ जणांचे यकृत गोळ्यांशिवाय तग धरून राहिले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना यकृत नाकारले जाऊ लागल्याने औषधे पुन्हा सुरू करावी लागली. पहिल्या ४१ मध्ये कोण असेल, हे गोळ्या बंद करण्यापूर्वीच सांगू शकेल अशा खुणेचा शोध आणि कर्करोगाचा धोका सांगणाऱ्या खुणेचा शोध आता बराचसा रक्ताच्या त्याच नमुन्यात चालतो.