एकच 'तो', पण कँटनीजमध्ये दोन

हाँगकाँगच्या शाळेत मूल धडा मोठ्याने वाचतं: 'था सी हॉक-सांग', म्हणजे तो विद्यार्थी आहे. मधल्या सुट्टीत हीच गोष्ट सांगताना ते म्हणतं, 'खॉइ हई हॉक-सांग'. विद्यार्थी तोच राहिला, पण 'तो'ही बदलला आणि 'आहे'ही.

चिनी लेखी भाषेची आजची घडण मँडरिनची, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेची आहे. हाँगकाँगकर ती अक्षरं कँटनीज, म्हणजे आपल्या बोलीच्या उच्चारांनी वाचतात, पण तसं बोलत नाहीत. एकाच समाजातल्या अशा दोन पातळ्यांसाठी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1959 मध्ये 'डायग्लॉसिया' ही संज्ञा रूढ केली.

मेट्रोची दारं मिटताना घोषणा होते: 'छिंग मत् खाउ-कन छे-मून', कृपया दाराजवळ येऊ नये. यातला नकार 'मत्' हा जुन्या ग्रंथांतला शब्द. (हिंदीतल्या 'मत'शी त्याचं साम्य हा निव्वळ योगायोग.) घरी आई मुलाला 'म्-होऊ' म्हणेल, 'नको करू' अशा अर्थाने.

शिकणारे इथेच फसतात. पुस्तकी शब्द म्हणजे आदराचा शब्द, असं त्यांना वाटतं. पण कँटनीजमधला आदर बराचसा बोलीतच आहे. कुणी पाणी आणून दिलं, वाट सोडली, तर 'म्-कॉइ'. भेटवस्तू दिली, तर 'तॉ-चे'. मराठीत दोन्हींना 'धन्यवाद' चालतं, तिथे अदलाबदल केली की लगेच खटकतं. आडनाव विचारायचं तर 'क्वई सिंग?', शब्दशः 'मौल्यवान आडनाव?'. उत्तर देताना मात्र हा 'क्वई' गाळायचा. आपणही 'माझं शुभनाव' म्हणत नाही, तसंच.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते मृत्यूचे शब्द, कारण तिथली चूक समोरच्याला दुखावते. 'सेइ' म्हणजे मरणे. माणसाबद्दल, तेही दुःखातल्या घरी, तो फार उघडा वाटतो. 'क्वॉ-सन' म्हणजे आपलं 'वारले'. बातमीत मान्यवरांसाठी 'सई-सई' येतं, आपल्या 'निधन'सारखं. त्यातले दोन्ही 'सई' वेगळे शब्द आहेत. पहिला खालच्या सुरात, दुसरा मधल्या. कोशात हे तिन्ही शब्द एकाच अर्थाखाली सापडतील. शेजारच्या आजी गेल्या, तर दारात उभं राहून 'क्वॉ-सन' म्हणायचं. 'सई-सई' म्हटलं तर समजेल सगळ्यांना, पण बातम्या वाचल्यासारखं वाटेल.