टायरचा पिवळा दिवा: हवा मोजणारी गाडी आणि हवा ताडणारी गाडी

डॅशबोर्डवर टायरच्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो. हवा तपासावी तर चारही चाकांत ठीक, तरी दिवा जात नाही. अशा वेळी बहुतेक जण मेनूत शिरून रिसेट दाबतात. हा उपाय एका जातीच्या गाडीला लागू पडतो, दुसऱ्या जातीत त्याने काहीच होत नाही. पहिल्या जातीतही भलत्या वेळी दाबला तर घात होतो. म्हणून आपली इलेक्ट्रिक गाडी हवा मोजते की नुसती ताडते, हे आधी पाहून घ्या.

स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा पीएसआय (हवेच्या दाबाचा आकडा) वेगवेगळा दिसत असेल, तर प्रत्येक रिममध्ये व्हॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर बसवलेला आहे. ही मोजणारी गाडी. आकडा कुठेच नाही, पण हवा भरल्यावर ‘सेट’ किंवा ‘कॅलिब्रेट’ करायची सोय आहे, तर ती बहुधा ताडणारी. शंका असेल तर गाडीचे मॅन्युअल उघडा, त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

ताडणाऱ्या गाडीत हवेसाठी वेगळा सेन्सर नसतो. एबीएससाठी (ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचे फेरे मोजले जातातच, त्यावरूनच अंदाज बांधला जातो. हवा कमी झाली की चाक किंचित बसते आणि तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेते. म्हणजे फेऱ्यांत फरक पाडणारी कुठलीही गोष्ट या यंत्रणेला फसवू शकते. इलेक्ट्रिक गाडी जड असते आणि तिचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) एकदम मिळतो, त्यामुळे मोटर ज्या चाकांना जोडलेली असते ते टायर लवकर झिजतात. मग दोनच नवे टायर टाकले जातात. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी, जुन्याची 3 उरलेली, एवढ्या फरकानेही दिवा लागू शकतो. लहान मापाची स्टेपनी लावली तरी तेच.

इथे रिसेट हाच उपाय, पण क्रम पाळून. गाडी किमान तीन तास उभी असावी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीने दिलेला आकडा असतो, तो थंड टायरचा. तेवढी हवा चारही चाकांत भरा, मगच सेट करा, आणि वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवा. पुण्यात कर्वे रस्त्याच्या सिग्नलांमध्ये गाडीचे हे नवे फेरे शिकणे रेंगाळते, कात्रज-देहूरोड बायपासवर लवकर उरकते. टायरमध्ये खिळा असताना सेट केले, तर गाडी तीच कमी हवा बरोबर धरून चालते आणि पुढचा खरा इशारा उशिरा येतो. आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वात धोक्याची वाटते ती हीच चूक.

मोजणाऱ्या गाडीचे दुखणे वेगळे. इथे आधी दिवा कसा लागतो ते पाहा. सरळ लागून राहिला तर प्रश्न हवेचा. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ सेन्सरचा संदेश पोचत नाही, असा.

हवेचा प्रश्न पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हमखास येतो. तापमान 10 अंशांनी उतरले की 35 पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआय कमी होतो. दुपारी 30 अंशांत भरलेली हवा पहाटे 10 अंशांत तीन पीएसआयने खाली दिसते. मुंबईहून एक्स्प्रेसवेने येऊन तापलेल्या टायरमध्ये स्टिकरएवढीच हवा भरली, तर सकाळी तूट आणखी मोठी. नायट्रोजन भरल्याने हे टळत नाही, तोही थंडीत तेवढाच आकसतो. आणखी एक बारकावा: हे सेन्सर बहुधा निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही धरून एकूण दाब, मोजतात. ज्या गाडीत त्यातून समुद्रसपाटीचा वातावरणीय दाब वजा होतो, तिथे सुमारे 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात स्क्रीनचा आकडा हातातल्या गेजपेक्षा जवळपास एक पीएसआय कमी येतो. गेज चांगले असेल तर त्यावर विश्वास ठेवा.

संदेशाच्या प्रश्नात बऱ्याचदा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती साधारण 5 ते 10 वर्षे टिकते आणि सीलबंद असते, त्यामुळे अख्खा सेन्सर बदलून त्याचा क्रमांक गाडीला शिकवावा लागतो. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो, थोडे अंतर गेल्यावर आकडा उमटला तर बिघाड समजू नका. टायर उतरवताना पंक्चरवाल्याला आधीच सांगा की आत सेन्सर आहे, मशीनचा दाब व्हॉल्व्हजवळ नको. पंक्चरचा द्रव टाकला असेल तर सेन्सरचे छिद्र बुजू शकते. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन (हवा रोखणारा आतला भाग) बसवू नका, ती गंजून अडकते. निकेलचा मुलामा दिलेली पिन मागा. चाकांची अदलाबदल केली असेल तर एका चाकातून तीन पीएसआय सोडा आणि थोडे चालवून कोणता आकडा उतरतो ते पाहा. भलताच उतरला, तर जागा पुन्हा शिकवून घ्यायला हव्यात.

हवेच्या दिव्याबरोबर एबीएस, स्टीअरिंग असे दोन-तीन दिवे एकदम लागले, तर टायर सोडून 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते. लेड-ॲसिड असेल तर गाडी बंद असताना 12.4 च्या वर हवी.

आणि एकच चाक दर दोन दिवसांनी पीएसआय-दोन पीएसआयने उतरत असेल, तर इशारा खोटा नाही. साबणाचे पाणी लावा. बुडबुडे व्हॉल्व्हच्या तोंडाशी आले तर पिन घट्ट करा किंवा बदला, रिमच्या कडेला आले तर टायर उतरवून कड घासून साफ करून घ्या.