‘लेबरला केस टाकली’, पण कुठं?

उद्यमबागेतल्या फौंड्रीतून एखाद्याला कमी केलं की गल्लीत लगेच कळतं, ‘त्यानं लेबरला केस टाकलीय.’ बेळगावात ‘लेबर’ हा एकच शब्द दोन दारांसाठी चालतो.

एक दार कामगार खात्याचं. तिथला समेट अधिकारी मालकाला नोटीस काढतो, दोघांना समोरासमोर बसवतो, समजावतो. ‘याला परत कामावर घ्या’ असा हुकूम त्याला देता येत नाही. मालक ढिम्म राहिला तर समेट फसल्याचा अहवाल लिहायचा, एवढंच त्याच्या हातात. पण म्हणून या दाराला कमी लेखू नका. तिथं लेखी तडजोड झाली, तर ती त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होते, उद्या भरती होणाऱ्यालासुद्धा. शिवाय इथं वकिलाला मज्जाव आहे. माझ्या मते गरीब माणसाची त्यात सोयच.

दुसरं दार न्यायालयाचं. साक्षी, उलटतपासणी, तारखा आणि शेवटी निकाल. बडतर्फी रद्द करणं, मागचा पगार देववणं, शिक्षा जास्त वाटली तर कमी करणं, हे अधिकार इथले.

या दुसऱ्या दाराची पाटी आता बदलतेय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. तीत कामगार न्यायालय असं वेगळं उरलेलं नाही, फक्त औद्योगिक न्यायाधिकरण आहे. त्यात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असतो, आणि बडतर्फीचं प्रकरण दोघांपुढे चालतं. जुनी प्रलंबित प्रकरणं तिकडे वर्ग करण्याची तरतूद आहे.

जुनीजाणती माणसं अजून ‘सरळ कोर्टात जा’ म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. जुन्या कायद्यात कर्नाटकाची स्वतःची दुरुस्ती होती. बडतर्फीचा आदेश हाती पडल्यापासून ६ महिन्यांत थेट कामगार न्यायालयात जाता यायचं. संहितेत मात्र आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, त्यानंतर ४५ दिवस थांबायचं, मग न्यायाधिकरण. तेही कामावरून काढल्यापासून २ वर्षांच्या आत. पूर्वी समेटाच्या वाटेनं गेल्यास ही मुदत ३ वर्षं होती. ‘लेबरला चालू आहे’ म्हणत खेटे घालणाऱ्याचे महिने इथंच निसटतात.

कोल्हापूरच्या पाहुण्यांचा सल्लाही जपून घ्यावा. तिकडची औद्योगिक न्यायालयं अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानं ओळखीची झाली. तो कायदा निपाणीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, कधीच लागू नव्हता.

अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. ते ४५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. आणि घरी आलेली नोटीस कन्नडमध्ये आहे म्हणून कपाटात सारू नका. शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडून त्याच दिवशी वाचून घ्या, सुनावणीची तारीख त्यातच असते.