१९५४च्या निकालाने अमेरिकी शाळांतला वर्णभेद संपला? नाही!

‘ब्राउन’ खटल्याचा निकाल लागला आणि अमेरिकेत गोरी-काळी मुलं एका वर्गात बसू लागली, हा समज आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधूनही फिरतो. १७ मे १९५४च्या या निकालाने अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, एवढंच. अंमलबजावणीचा १९५५चा आदेश मुदतच देत नव्हता. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात १९५७ साली नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाता यावं म्हणून लष्कर आणावं लागलं. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) तर एकत्र शाळा नकोत म्हणून १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या! दहा वर्षांनी दक्षिणेत गोऱ्यांसोबत शिकणारी काळी मुलं होती जेमतेम एक टक्का.

खरी किल्ली पैशाची. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार भेदभाव करणाऱ्या संस्थेचं केंद्रीय अनुदान थांबवता येऊ लागलं, आणि १९६५च्या शिक्षण कायद्याने ते अनुदान भरघोस वाढलं. आता गमावण्यासारखं काही होतं.

मग पळवाट निघाली: ‘शाळा तुम्हीच निवडा’. व्हर्जिनियातल्याच न्यू केंट काउंटीत दोनच शाळा: एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा निवडली नाही, आणि सुमारे ८५ टक्के काळी मुलं जुन्याच शाळेत राहिली. निवड कागदावर खुली, पण ओझं सगळं काळ्या पालकांवर. १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना अपुरी ठरवली: वेगळेपण मोडणं हे शाळा मंडळाचं काम, पालकांचं नव्हे. न्यायालयाच्या आदेशात ‘ताबडतोब’ हा शब्द यायला मात्र ऑक्टोबर १९६९ उजाडला.