चुका दुरुस्त न करणारी गाठ

'इम्युनोथेरपीने मेंदूचा कॅन्सर बरा' असे मथळे वाचून कितीतरी नातेवाईक आशेने डॉक्टरांकडे जातात आणि निराश होऊन परततात. उपचारांनंतर पुन्हा उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरच्या, रुग्णांना सरसकट निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीकडून कॅन्सरवर हल्ला करवणारे) औषध देऊन पाहिले, तेव्हा ते आधीच्या औषधापेक्षा सरस ठरले नव्हते. तरीही याच आजाराच्या दोन सख्ख्या भावंडांना त्याच औषधाने मोठा गुण आल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. फरक जनुकांमध्ये होता.

पेशीचे विभाजन होण्याआधी डीएनएची प्रत निघते. ती काढणारे एन्झाइम साधारण लाखात एखादे अक्षर चुकवते आणि बहुतेक चुका स्वतःच सुधारते. निसटलेल्या चुका हेरते ती एमएसएच2 आणि एमएसएच6 या प्रथिनांची जोडी. ती डीएनएवरून सरकत जाते. जिथे अक्षरांची जोडी जुळत नाही तिथे थबकते. मग एमएलएच1 आणि पीएमएस2 येतात, नव्या धाग्याला छेद देतात, चुकीचा तुकडा काढला जातो आणि ती जागा पुन्हा लिहिली जाते. किती नेमके काम! ही दुरुस्ती उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या दोन भावंडांप्रमाणे आईवडील दोघांकडूनही या चारपैकी एखाद्या प्रथिनाच्या जनुकाची बिघडलेली प्रत आली, तर दुरुस्ती थांबते. गाठीत दर दहा लाख अक्षरांमागे शंभराहून अधिक बदल साचू शकतात. त्यातून विचित्र प्रथिने बनतात आणि टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, ती परकी वाटतात. टी-पेशी हल्ला करू पाहतात, पण गाठ त्यांचा पीडी-1 हा ब्रेक दाबून धरते. निव्होलुमॅब तो सोडवते.

'इम्युनिटी वाढवणाऱ्या' काढ्या-गोळ्यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. इथे ताकद वाढवलेली नसते, लगाम काढलेला असतो. म्हणूनच निरोगी अवयवांवरही हल्ला होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते.

दुरुस्ती-प्रथिनांची चाचणी उपचारांआधी हवी, याला आणखी एक कारण आहे. टेमोझोलोमाइड हे या कॅन्सरवरचे नेहमीचे औषध डीएनएतल्या ग्वानिन या अक्षरावर मिथाइल गट चिकटवते. दुरुस्ती-प्रथिने तिथे पुन्हा पुन्हा छेद घेत राहतात आणि पेशी मरते. ती प्रथिनेच नसतील, तर पेशी तगते आणि नवे बदल साचवत जाते. बायोप्सीच्या तुकड्यावर ही चार प्रथिने रंगवून पाहता येतात. अशी गाठ असलेल्या लहान मुलाच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील, तर रक्तातूनही जनुके तपासावीत. आईवडील दोघांकडून आलेला दोष सापडला तर भावंडांचीही तपासणी व्हायला हवी, कारण प्रत्येक सख्ख्या भावंडात तसाच दुहेरी दोष असण्याची शक्यता 25 टक्के असते.